साळिंदर गुरुजींचा संघ

फार जुनी गोष्ट. माळावरच्या सशांचा फुटबॉल संघ सारखा हरत होता. चिडलेले चाहते बाभळीखाली जमले.

"साळिंदराला हाकला!" माकड ओरडलं. "ज्याचा काटा लागला की चेंडू फुटतो, तो कसला प्रशिक्षक?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

पराभव टिटवीलाही झोंबला होता, पण ती ठामपणे म्हणाली, "मी रोज सराव बघते. एकेकटे पळणारे ससे आता एकमेकांना पास देतात. हे गुरुजींनीच शिकवलं. त्यांना काढलंत, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!"

कुरकुरत का होईना, चाहत्यांनी ऐकलं. पुढचा सामनाही संघ हरला, पण एकाच गोलने. सगळ्यांच्या नजरा टिटवीकडे वळल्या. तिनं मान ताठ करून विचारलं, "गुरुजी, उद्या सराव कितीला? आम्ही सगळे येतोय."