गोड बोलणारा दुभाषा

फार पूर्वी यंत्रे एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. संगणकात सी भाषेतला एक म्हातारा सिम्युलेटर राहत होता. यंत्रमानव कुठे चालेल, कुठे पडेल, हे तो आधी आपल्या आत घडवून पाही. त्याचे बोलणे यंत्रमानवाला पायथन नावाचा दुभाषा सांगे.

“भाऊ, आजोबांना विचार ना, मी उद्या जिना उतरू का?” यंत्रमानव म्हणाला.

म्हातारा खेकसला, “गाढवा, गुडघा तुटेल. मरशील!”

इतके कडू कसे सांगायचे? दुभाषा म्हणाला, “गुडघ्याला जरा जप म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी यंत्रमानव गुडघा जपत जिना उतरू लागला. अर्ध्यावर गुडघा तुटला आणि तो खाली पडून फुटला.

म्हातारा संतापून ओरडत राहिला.

“आजोबा काय म्हणतात?” तशाच गुडघ्यांच्या दुसऱ्या यंत्रमानवाने विचारले.

“फार हळहळतात,” दुभाषा म्हणाला.