आरशातली अक्षरं

राजे होते अन् पक्के रस्ते नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. नीट ऐका, चुळबुळ नको.

एका राज्यात वैद्यांची पाठशाळा होती. शिकून बाहेर पडणारा आपली पोथी नव्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायचा अन् सांगायचा, "फाटली तर शिव. नवं काही कळलं तर समासात लिही." पैशाचा संबंधच नाही.

मग एक व्यापारी जादूचे आरसे घेऊन आला. "एका आरशात शंभर पोथ्या! ओझं कशाला वाहता?"

गुरुजी भुलले. आरसा नसेल त्याला परीक्षेला बसू देणार नाही, म्हणाले. जुन्या पोथ्या औषधवाल्याकडं गेल्या, पुड्या बांधायला. शहाणेच सगळे!

खोड नंतर कळली. दर अमावास्येला सगळे आरसे कोरे व्हायचे. भाडं राजधानीतल्या पेढीवर पोचलं, की मगच अक्षरं परत.

कोष्ट्याची एक लेक तिथं शिकत होती. आईनं माग विकून आरसा घेतला होता. चौथ्या अमावास्येला घरात दमडी नव्हती, अन् परीक्षा आठ दिवसांवर.

व्यापारी पाठशाळेत भाडं मागायला आला, तेव्हा ती म्हणाली, "शेठ, एवढे आठ दिवस थांबा हो."

"अक्षरं माझी आहेत, पोरी. तुझे नुसते डोळे."

तेवढ्यात शेठचा गडी बोंबलत आला. शेठच्या लहान मुलीनं विषारी फळ खाल्लं होतं. पाठोपाठ तिला उचलून आणलं. ओठ निळे पडलेले. गुरुजी परगावी. उतारा सगळ्यांना ठाऊक, मात्रा कुणालाच नाही. कमी दिली तर फुकट, जास्त दिली तर पोर जाणार. पाठ कोण करतो, आरसा होता ना!

"अरे, बघा की आरशात!" शेठ ओरडला.

"अमावास्या आहे, शेठ. उघडा तुम्हीच," विद्यार्थी म्हणाले.

"इथून नाही उघडत रे, राजधानीतल्या पेढीवरूनच उघडतात!"

कोष्ट्याची लेक धावत सुटली. औषधवाल्याच्या दुकानात शिरली अन् पुड्या फोडू लागली.

"अगं भवाने, माल सांडतेस!"

"सांडू दे, काका!"

कितीतरी पुड्यांनंतर ते पान सापडलं. समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'लहान मुलास पाव मात्रा.'

पोर वाचली. पण उशीर झाला होता. विष डोळ्यांत उतरलं, नजर गेली ती गेलीच.

शेठनं सगळे आरसे कायमचे उघडे केले. गुरुजींनी पोथ्यांची पानं पुडी-पुडीतून गोळा करून शिवली. कोष्ट्याची लेक परीक्षेला बसली, वैद्य झाली.

अन् शेठच्या घरात? साऱ्या राज्याची अक्षरं बापाची होती. लेकीला वाचायला डोळे नव्हते.

विद्येला कुलूप लावणारा एक दिवस स्वतःच दाराबाहेर राहतो.