लवंगेचा नकार

फार वर्षांपूर्वी चीनच्या डोंगरात एका वाघाचं राज्य होतं. त्याच्या तोंडाला भयंकर वास यायचा. पहिली शिकार जिरायच्या आत तो दुसरी हाणायचा आणि वर एक लवंग दाढेखाली धरायचा. एके दिवशी लवंग डब्यातून उठेचना.

"चल, दाढेखाली!" वाघ गुरकावला.

"नाही येणार! तुमची पिवळी जीभ बघून वैद्य करकोच्यांनी सांगितलंय ना, आग पोटात आहे, दोन दिवस मुगाच्या कढणावर राहा म्हणून? आत उंदीर कुजतोय आणि मी दारात उदबत्ती लावत बसू?"

"चावून टाकीन!"

"चावा. उद्या पुन्हा वास येईल, तेव्हा कुणाला चावाल?"

वाघाने दुसऱ्या लवंगेकडे पंजा नेला. सगळ्या लवंगांनी मिळून आतून झाकण ओढून घेतलं.

शेवटी वाघ वैद्य करकोच्यांकडे गेला आणि हळूच म्हणाला, "कढणात मीठ तरी घालाल ना?"