हाक्या धोंड्याला डिंगडाँग म्हणू नये

डोंगराच्या टोकाला हा जो काळा धोंडा दिसतो, त्याच्या पाटीवर 'डिंगडाँग पॉइंट' लिहिले आहे. पाटी लावणाऱ्यांना वस्तीत येऊन एकदा विचारायला सवड झाली नाही. डिंगडाँग म्हणजे घंटेचा आवाज. आपली जशी टणटण, तसा इंग्रजांनी कानाला ऐकू आले त्यावरून घडवलेला शब्द. शब्दावर आमचा राग नाही. तो या धोंड्याला चिकटवला त्याचा आहे. याचे नाव हाक्या.

असे सांगतात, की याला दगडाने ठोकले तर आवाज चार धनगरवाड्यांपर्यंत जाई. वणवा दिसला की हाक्या ठोकायचा आणि ऐकणाऱ्याने हातातले काम टाकून, हिरवी डहाळी तोडून, आग झोडपायला धावायचे, ही रीत. मग इथे बंगला बांधून एक गोरा साहेब राहिला. आवाज ऐकून तो म्हणे "डिंगडाँग!" करत टाळ्या पिटी. त्याने खानसाम्याला हुकूम सोडला, रोज चार वाजता हाक्या ठोकायचा, म्हणजे फिरायला गेलेला साहेब चहाला परतेल. पहिले चार दिवस लोक डहाळ्या घेऊन ऊर फुटेस्तोवर धावले. साहेब पोट धरून हसला. पाचव्या दिवशी कोण कशाला धावतो?

चैत्रात, नेमका चारच्याच सुमाराला वणवा पेटला. ठकूबाई कोकरे माथ्यावर मेंढरे चारत होती. खाली झोपडीत तिचा नवरा सिदू तापाने पडला होता आणि आग झोपडीकडेच निघाली होती. एकटीने ती विझणार नव्हती. तिने हातांतून रक्त येईपर्यंत हाक्या ठोकला. चारी वाड्यांनी ऐकले आणि म्हटले, "सायबाचा चा झाला." ती धावत खाली पोचली तेव्हा झोपडी सिदूसकट जळून गेली होती.

तिसऱ्या दिवशी चारला पुन्हा हाक्या वाजला. लाज कशी वाटली नाही त्या माणसाला! ठकूबाई डहाळी घेऊन धावत बंगल्यावर गेली. साहेबाने हाकलले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. लोक तिला आवरू लागले, तेव्हा ती कडाडली, "शंभरदा खोटा वाजू दे. एकशेएकाव्यांदा कुणाचा तरी सिदू आसंल. धावायचं!"

माना खाली गेल्या. मग रोज चारला चारी वाड्या बंगल्यात शिरू लागल्या, आणि एके दिवशी त्यांनी डहाळ्यांनी चहाचे टेबलच झोडपून काढले. महिन्याभरात साहेबाने गाशा गुंडाळला, म्हणे. त्याने नकाशात घातलेले नाव तेवढे मागे राहिले.

आजही हाक्या वाजला की वस्ती हातातले टाकून धावते. गंमत म्हणून ठोकणाऱ्या पाहुण्याला कुणी शिवी देत नाही. धापा टाकत आलेली एखादी म्हातारी त्याच्या हातात डहाळी देते आणि विचारते, "कुठं लागलीया आग, बाबा?" तो उत्तर देईपर्यंत कुणी जागचे हलत नाही.