उकिरड्यावरच्या लठ्ठ कोंबड्या

डोंगराखालच्या एका गावात एक शेतकरी राहत होता. रानाच्या कडेला त्याला एकदा गव्याचं पोरकं पिल्लू सापडलं. त्याने ते घरी आणलं, गाईचं दूध पाजून जगवलं. पुढे त्या कालवडीवर त्याचा इतका जीव जडला, की तो तिला चरायलाही सोडेना. "गवत काय, कुणीही खातं!" असं म्हणून तो तिच्यापुढे पाटीभर ज्वारी ओतायचा.

कालवड ज्वारी फस्त करायची, पण तिच्या बरगड्या काही झाकल्या जाईनात. शेण मात्र पातळ आणि भरपूर. शेतकरी ते रोज उकिरड्यावर टाकायचा.

शेजारी एक बाई राहायची. तिच्या कोंबड्या डालग्याखालून सुटल्या, की थेट त्या उकिरड्यावर. बघता बघता त्या गुबगुबीत झाल्या. बाजारात बायका विचारायच्या, "अगं, ही कोंबडीची अंडी की बदकाची?" बाई नुसती हसायची. कोंबड्या तिथे काय टिपतात, ते तिने केव्हाच पाहिलं होतं.

एके सकाळी शेतकरी कुंपणाशी येऊन म्हणाला, "वहिनी, आज हिला उठवेना हो. माझंच खाऊ घालणं कमी पडतंय. उद्यापासून दोन पाट्या ज्वारी घालतो."

दोन पाट्या! बाईने कोंबड्यांकडे पाहिलं. मग मान टाकून बसलेल्या कालवडीकडे पाहिलं. तिला राहवेना. कुंपण ओलांडून ती आली आणि काटकीने तिने शेणाचा पो फोडला. आत अख्खे दाणे होते.

"भावजी, तुम्ही हिला नाही, माझ्या कोंबड्यांना पोसताय. ज्वारी जशी जाते तशी बाहेर येते. हिला गवत द्या, कडबा द्या. ज्वारी द्यायचीच तर मूठभर, तीही भरडून."

"तुम्हाला हे कधीपासून ठाऊक?"

"अंडी मोठी व्हायला लागली तेव्हापासून," बाई ओशाळून म्हणाली.

शेतकऱ्याला आधी राग आला, मग हसू फुटलं.

दिवाळीपर्यंत कालवड काळीभोर चमकू लागली. शेण घट्ट पडू लागलं, त्याचं खतही झकास मुरलं. कोंबड्या मात्र उकिरडा उकरून हात हलवत परत यायच्या. ते पाहून शेतकरी रोज पसाभर ज्वारी कुंपणापलीकडे फेकू लागला.

"अहो, हे कशाला?" बाई म्हणाली.

"राहू द्या, वहिनी. आजवर ज्वारी फिरून फिरून तुमच्याकडे येत होती, आता थेट येतेय!"

तात्पर्य: शेजाऱ्याच्या चुकीत आपला फायदा असला, तरी ती त्याला वेळेवर सांगावी.