शंभर दाण्यांचं मडकं

"पोरगी मुकी तर नाही ना हो दिली आपल्याला?"

सासूबाईंना वाटलं, मी विहिरीवर गेलेय. मी दाराआड सुपात तांदूळ निवडत बसले होते.

"मुकी असली तर सुखी आहे!" मामंजी म्हणाले. "राजेसाहेबांचं गाणं कसं वाटतं, असं तिला कुणी विचारणार तरी नाही!"

लग्नाला सव्वा महिना झाला होता आणि तेवढ्या दिवसांत मी 'हो' आणि 'वाढू का?' इतकंच बोलले होते, त्यामुळे मला राग आला नाही. पण मामंजींचा आवाज रडवेला होता. ते दरबारचे पखवाजी. वीस वर्षं राजेसाहेबांच्या गाण्याला साथ केलेला माणूस सहजासहजी रडवेला होत नाही!

झालं होतं असं. सहा दिवसांपूर्वी राजेसाहेब गायला बसले आणि त्यांनी नुसता खाकरून घसा साफ केला. लगेच अख्खा दरबार ओरडला, "वाहवा!"

राजेसाहेब हट्टी होते, पण मूर्ख नव्हते. ते मामंजींकडं वळले.

"बुवा, या शंभर दरबाऱ्यांतल्या किती जणांना माझं गाणं खरंच आवडतं? आठ दिवसांत आकडा हवा! आणि ज्याला आवडत नाही असा कुणी सापडला, तर त्याची मिशी उतरवीन!"

"महाराज, मग खरं कोण सांगेल?"

"ते तुम्ही बघा! आकडा आणला नाहीत, तर तुमच्या पखवाजातून हत्तींना दाणा खाऊ घालीन!"

तो पखवाज मामंजींच्या वडिलांचा. रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसल्याशिवाय ते चहाला शिवत नसत.

बिचारे दारोदार फिरले. दिवाणजी म्हणाले, "अमृत हो, अमृत!" सेनापती म्हणाले, "अमृताहून गोड!" गंमत अशी, की बोलताना सगळ्यांचा हात मिशीवर होता.

मी सूप खाली ठेवलं आणि सासूबाईंच्या कानाशी कुजबुजले. सासऱ्यांशी थेट बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. सासूबाई ऐकत गेल्या आणि ओसरीकडं तोंड करून ओरडत गेल्या.

"ती म्हणते, एक पडदा लावा! पडद्याआड एक नाणं, उडीद, तांदूळ आणि बारीक तोंडाचं मडकं! एकेकानं आत जायचं, एकट्यानं नाणं उडवायचं! राजेसाहेबांचा चेहरा वर आला, तर मुकाट्यानं उडीद टाकायचा, गाणं आवडो न आवडो! नाण्याची घोड्याची बाजू वर आली, तर मात्र खरं टाकायचं! आवडत असेल तर तांदूळ, नसेल तर उडीद!"

"मग उडीद कशानं टाकला ते कळणार कसं?" ओसरीवरून आवाज आला.

मी पुन्हा कुजबुजले.

"ती म्हणते, एकेकाचं कळणारच नाही! म्हणून तर खरं टाकतील! पण नाणं शंभरात पन्नासेक वेळा चेहरा दाखवणार. तेवढे उडीद नाण्याचे. सगळ्यांना गाणं आवडत असेल, तर उरलेले पन्नासेक तांदूळ निघतील. कमी निघाले, तर..." इथं सासूबाई थांबल्या आणि माझ्याकडं डोळे मोठे करून बघत राहिल्या. "अगं बाई!"

आठव्या दिवशी दरबारात पडदा लागला. आम्ही दोघी बायकांसाठी सोडलेल्या बांबूच्या चिकाआड बसलो होतो. एकेक दरबारी आत घाबरत जात होता आणि बाहेर येताना शीळच घालायचा बाकी राहत होता. शंभरावा आला आणि राजेसाहेबांनी स्वतः मडकं पालथं केलं.

उडीद सत्त्याण्णव. तांदूळ तीन!

"म्हणजे किती जणांना आवडतं?" राजेसाहेबांनी हळूच विचारलं.

मामंजींनी दाणे पुन्हा एकदा मोजले. "महाराज, तीन तांदूळ दिसतात. आणखी तेवढेच, गाणं आवडत असूनही, चेहऱ्यानं अडवले असतील. सहाएक जण."

"शंभरात सहा!"

"एक तांदूळ माझा!" म्हातारे खजिनदार अभिमानानं ओरडले. "काय गातात महाराज!" खजिनदार दोन्ही कानांनी ठार बहिरे होते.

राजेसाहेब ताडकन उठले. "न्हाव्याला बोलवा! दिवाणजी, तुम्ही काय टाकलंत?"

"उडीद, महाराज! चेहरा आला ना! खुद्द आपला चेहरा! त्याची आज्ञा कशी मोडू?"

"सेनापती?"

"चेहराच, महाराज!"

"आमचाही चेहरा! आमचाही!" सगळा दरबार एका सुरात ओरडला. इतक्या वर्षांत त्या दरबारात पहिल्यांदाच सूर लागला होता.

"सत्त्याण्णव वेळा माझा चेहरा?" राजेसाहेब सत्त्याण्णव मिशांकडं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते खो खो हसत सुटले. "माझ्याच तोंडानं मला बेसूर म्हणवून घेतलं! बुवा, हे डोकं तुमचं नाही!"

"सुनेचं, महाराज," मामंजी म्हणाले.

मला चिकाबाहेर बोलावलं गेलं. राजेसाहेबांनी सोन्याच्या पाटल्या दिल्या, मामंजींना पखवाजावर घालायला शाल दिली आणि सांगितलं, "यापुढं मी हत्तीखान्यात गाईन. हत्ती वाहवा तरी करत नाहीत!"

मग ते जरा पुढं झुकले. "सूनबाई, तुम्ही दाणा टाकला नाहीत. मला खरं सांगा, माझं गाणं तुम्हाला आवडतं का?"

सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मामंजींनी डोळे मिटले.

मी पडद्याआडचं नाणं मागून घेतलं. उडवलं, झेललं, एकटीनंच पाहिलं आणि मूठ घट्ट मिटली. मग सव्वा महिन्यात पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले,

"अजिबात नाही, महाराज!"