डिकीवरची पुण्याई

"दादा इथे येऊन तुम्हाला पढवून गेला नसेल, कशावरून?"

जयवंत शेट्येने पायरीवरूनच विचारलं. चपलाही काढल्या नव्हत्या.

राजापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी नानाबुवांचा मठ आहे. बुवा ओसरीवर विळी मांडून बसले होते. पुढ्यात फणस.

"आला होता," बुवा म्हणाले. "हा फणस ठेवून गेला."

"माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"फणस कापा आहे म्हणाला. बरका नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

जयवंतला ते पटलं नाही. पुण्यात कारखाना काढल्यापासून हा माणूस ताकही फुंकून पीत असे, आणि फुंकण्याआधी ताक कुणी दिलं ते विचारी.

गाऱ्हाणं असं होतं. पुतणीचा साखरपुडा दादाने त्याला न कळवता उरकला. त्या रागात त्याने गाडीच्या डिकीवरचा 'दादाची पुण्याई' हा स्टिकर ओरबाडून काढला. स्टिकर गेला, गोंद राहिला. गोंदावर धूळ बसली आणि अक्षरं पहिल्यापेक्षा काळी दिसू लागली. आता दादा स्वतः कुंकू लावलेली पत्रिका घेऊन पुण्याला त्याच्या दारात येऊन गेला होता. पोरीची इच्छा होती, पाठवणी काकाच्या गाडीतून व्हावी.

"गाडी हवी, म्हणून काका आठवला," जयवंत म्हणाला. "परवा लग्न. जावं की नाही तेच कळत नाही. गेलो तर सगळा गाव माझी डिकी वाचणार. ब्लेडने खरवडून बघितलं, थिनर लावून बघितलं. रंग उडाला, अक्षरं तशीच..."

"साखरपुड्याला का नाही बोलावलं, ते दादाला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? दिसतंच की."

बुवांनी खोबरेलाची वाटी पुढे सरकवली.

"हाताला लाव. फणस काप."

जयवंतने वाटी नाकाशी नेली. वास घेतला. पुन्हा घेतला.

"हेही दादानेच दिलं?"

"हो. त्याच्याच नारळांचं."

"मग नको."

आणि त्याने कोरड्या हातांनी फणस विळीवर धरला. कोकणातलं शेंबडं पोरही असं करत नाही. मी मठातलाच माणूस, बाजूला बसलो होतो. मला हसू आलं, मग त्याची कीव आली.

चीक बोटांना लागला, घड्याळाला लागला, शर्टाला लागला. त्याने पाणी ओतलं. चीक जास्तच घट्ट झाला. त्याने माती घेऊन चोळली. हात काळे झाले आणि बोटं एकमेकांना सोडेनात.

बुवा बघत राहिले.

"बुवा..."

"काय?"

"तेल द्या."

बुवांनी त्याच्या तळहातावर तेल ओतलं. तो हात चोळत बसला. चिकाच्या गुठळ्या सुटून खाली पडू लागल्या. बराच वेळ तो आपल्या हातांकडे बघत होता. मग वाटी घेऊन उठला आणि गाडीकडे निघाला.

"उन्हात तापलीय ती," बुवा म्हणाले. "आधी आंब्याखाली घे. निवू दे."

गाडी निवली. त्याने अक्षरांवर तेल लावलं.

"किती वेळ ठेवू?"

"घाई असेल तर ब्लेड आहेच."

तो आंब्याखाली बसून राहिला. मग धुवट, मऊ पंच्याने हळूहळू पुसायला लागला. गोंदाच्या वळ्या होऊन निघाल्या. 'पुण्याई' गेली. 'दादा'वर मात्र त्याचा हात थांबला. त्याला रडू येत होतं. डोळ्यात धूळ गेली असं तो मला म्हणाला, मी विचारलं नसतानाही.

शेवटी तेही पुसलं. साबणाच्या पाण्याने तेल धुऊन काढलं. डिकी स्वच्छ झाली, आणि ब्लेडचे ओरखडे वर आले.

"गोंद गेला, बुवा. हे ओरखडे कशाने जातील?"

"ते गोंदाचे नाहीत."

जयवंतने ओरखड्यांवरून बोट फिरवलं... मग एकदम वर बघितलं.

"म्हणजे मी लग्नाला जावं. दादानेच सांगितलं ना तुम्हाला हे? खरं सांगा."

बुवांनी उरलेलं तेल एका बाटलीत भरलं, बूच घट्ट बसवलं आणि बाटली त्याच्या हातात दिली.

"लग्नघरी फणसांचा ढीग असेल. या खेपेला तेल आधी लाव."